संकरित बियाण्यातून आपले वाण

संगमनेर-अकोल्याकडचा टोमॅटो उत्पादक दर हंगामाला संकरित बियाण्याची पुडी विकत घेतो. हे बी किलोवर नव्हे, ग्रॅमवर विकले जाते. त्यावरूनच त्याचे मोल कळावे. एखाद्याने पैसे वाचवण्यासाठी घरच्याच फळांचे बी धरले, तर पुढल्या हंगामात एकाच वावरात कुठे गोल, कुठे लांबट, कुठे पातळ सालीची फळे लागतात. असा मिसळ माल आडतीवर आला की बागवान बांधव भाव पाडूनच मागणार. त्यात त्यांचा दोष नाही. पण त्यावरून ‘संकरिताचे बी धरायचेच नाही’ असा जो निष्कर्ष काढला जातो, तो अर्धाच खरा आहे.

संकरित बी म्हणजे दोन शुद्ध वाणांची पहिली पिढी. दुसऱ्या पिढीत आई-बापाचे गुण फुटून वेगळे होतात. टोमॅटोचे फूल बहुतांशी स्वतःच्याच परागाने फळते, त्यामुळे गुणांतली ही अस्थिरता दर पिढीला निम्मी होत जाते. दुसऱ्या पिढीत ५० टक्के, तिसऱ्या पिढीत २५, आणि सातव्या पिढीत जेमतेम दीड टक्का. वर्षाला दोन पिके घेणाऱ्याला हे काम तीन वर्षांचे आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे धनश्री, भाग्यश्री हे टोमॅटोचे सरळ वाण आहेत. त्यांचे बी धरता येते.

रीत सोपी, पण चिकाटीची आहे. दुसऱ्या पिढीची शे-दोनशे झाडे लावावीत. नुसते फळ न पाहता झाड पाहावे. रोगाला न बळी पडलेली, वाहतुकीला टिकणारी फळे देणारी मोजकी झाडे खुणेने बांधून ठेवावीत. प्रत्येक झाडाचे बी वेगळे काढावे, गर एक-दोन दिवस आंबवून धुवावा, बी सावलीत वाळवावे आणि पुढल्या हंगामात एका झाडाच्या बियांची एक ओळ लावावी. ज्या ओळीत सगळी झाडे सारखी, ती ठेवावी, बाकीच्या मोडाव्यात. नोंदवही नसेल तर हे काम हाती घेऊच नये.

मात्र सगळ्या पिकांना ही रीत लागू नाही. कांद्याला मधमाशी लागते. शेजारच्या डेंगळ्यांचा पराग आला की वाण बिघडते, म्हणून बीजोत्पादनाचे वावर अर्धा किलोमीटर तरी दूर हवे. शिवाय एकाच झाडाच्या बियांवर कांद्याचा वंश चालवला तर तो खंगतो. तिथे अनेक चांगले कांदे निवडून एकत्र लावावे लागतात. राहुरीच्याच श्रद्धा, सबुरी यांसारख्या संकरित बाजरीचे बी धरले तर वांझ पराग असलेली झाडे निघतात. ते बी दरवेळी विकतच घ्यावे.

कायदाही आड येत नाही. २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला आपले बी ठेवण्याचा, पेरण्याचा, देण्या-घेण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिला आहे. फक्त संरक्षित वाणाचे ब्रँडचे बी म्हणून विकता येत नाही. नोंदलेले वाण नवे वाण घडवण्यासाठी वापरण्याचीही मुभा त्यात आहे आणि शेतकऱ्याला आपल्या वाणाची नोंद करता येते. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० चा पद्मश्री मिळाला, तो गावरान बियाणे जपल्याबद्दल. जपणे जमते, तर घडवणेही जमेल.

एक पथ्य मात्र पाळावे. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचे कच्चे बी ‘संकरित’ म्हणून सुटे विकणे ही सरळ फसवणूक आहे. घेणाऱ्याचा हंगाम जातो, तो कुठल्याही पावतीने परत येत नाही.

एकट्याला तीन वर्षे कळ काढणे जड जाते. चार-पाच शेतकरी आणि माल घेणारा एखादा आडत्या यांनी मिळून दोन-दोन गुंठे या कामाला द्यावेत. कोणती फळे बाजारात चालतात हे आडत्याला ठाऊक, कोणते झाड तग धरते हे शेतकऱ्याला. पुडीवर दर हंगामाला जाणारा पैसा घरात राहील, आणि वाणही आपले असेल.