‘इर्तिका’चा धडा

वरणगावात उर्दू माध्यमात विज्ञान शिकवताना आम्हाला हटकून विचारले जाते, ‘सर, माणूस माकडापासून झाला, हेच शिकवता ना?’ विज्ञान तसे म्हणत नाही. दोघांचे पूर्वज एक, एवढेच म्हणते.

२०१८ साली केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह औरंगाबादेत डार्विनला चूक ठरवून गेले. पुढे एनसीईआरटीने भार कमी करण्याच्या नावाखाली दहावीतून उत्क्रांती गाळली. २०२३ मध्ये १,८०० हून अधिक वैज्ञानिक-शिक्षकांनी सह्या करून निषेध केला. आपल्यातले काही मात्र मनातून सुखावले. एरवी ज्यांच्याशी पटत नाही, त्यांच्याशी इथे एकमत!

आपल्या राज्याने २०१८ साली दहावीच्या पुस्तकात हा धडा पहिलाच घातला. तो ‘घरी वाचा’ म्हणून उरकणारे आमच्यातच आहेत. नवव्या शतकात बसऱ्याच्या अल-जाहिजने प्राण्यांच्या जगण्याच्या झगड्यावर लिहिले, चौदाव्या शतकात इब्ने खल्दूनने माकडाच्या वरची पायरी माणसाची मानली. तो डार्विनचा सिद्धांत नव्हे. पण त्यांना विचार करायची भीती वाटली नाही. ते बेदीन होते काय?

बारावीत, ‘नीट’मध्ये हाच विषय पुढ्यात येतो, तेव्हा आमच्या मुली कोरा पेपर ठेवतील, तो गुन्हा कोणाचा? एका धड्याने ढासळेल इतके आपले इमान कच्चे नाही. आम्ही तो वर्गातच शिकवणार.