उत्तर हाती ठेवणारे वरिष्ठ

१० ऑगस्ट १९७९ रोजी एसएलव्ही-३ बंगालच्या उपसागरात कोसळले आणि पत्रकारांना सतीश धवन सामोरे गेले, ही कथा समारंभांतून उत्साहाने सांगितली जाते. उत्तरार्ध क्वचितच कोणी सांगतो. प्रकल्पाची धुरा अब्दुल कलामांकडेच राहिली. उड्डाणाच्या नोंदी तपासत अभियंत्यांनी दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतील झडपेपर्यंत माग काढला. नायट्रिक आम्ल तिथूनच गळाले होते. १८ जुलै १९८० रोजी रोहिणी कक्षेत पोहोचला.

आज नवोदिताच्या सर्किटमध्ये बिघाड दिसताच वरिष्ठ तो स्वतः दुरुस्त करून मोकळे होतात. याला मार्गदर्शन म्हणणे ही शुद्ध आत्मवंचना आहे. माग काढण्याची संधीच हिरावलेला तो तरुण पुढच्या बिघाडाला पुन्हा त्याच दारात उभा राहतो, आणि वरिष्ठ त्याच्या परावलंबित्वाबद्दल कुरकुरतात.