लेहची भिंत आणि बंगळूरची निविदा

बंगळूरचे आजवरचे नीचांकी तापमान 7.8 अंश सेल्सियस. तेही जानेवारी 1884 मध्ये नोंदले गेले. अशा शहरात बसून मध्यंतरी लेहमधील एका बांधकामाच्या निविदेचा मसुदा मी अभिप्रायासाठी वाचला. दक्षिणेतील कुठल्याशा जुन्या कामाच्या अटी त्यात जशाच्या तशा उतरवल्या होत्या. ब्लॉक असोत की जोत्याचे काँक्रीट, कसोटी एकच : 28 दिवसांनंतर दाब सोसण्याची ताकद. थंडीचा उल्लेखही नव्हता. कारण विचारले तेव्हा उत्तर मिळाले, "साहेब, दर वाढतील."

या उत्तराचा समाचार घेणे आवश्यक आहे.

पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के प्रसरण पावते. काँक्रीटच्या छिद्रांत मुरलेले पाणी रात्री गोठते, दुपारी वितळते आणि दरवेळी आतून थोडी फट वाढवते. शिकागो वा टोरांटोत राहणाऱ्या वाचकांनी घरापुढच्या काँक्रीटचे पापुद्रे सुटलेले पाहिले असतील. यावर उपाय जुना आहे. काँक्रीट कालवताना विशिष्ट अॅडमिक्स्चर अत्यल्प प्रमाणात घातले की त्यात हवेचे असंख्य सूक्ष्म बुडबुडे राहतात आणि गोठणाऱ्या पाण्याला पसरायला जागा मिळते. 2000 साली सुधारलेल्या आयएस 456 या आपल्याच मानकाने ओल आणि गोठण एकत्र असेल तेथे हा उपाय सुचवला आहे.

परंतु मिश्रणातील हवा एक टक्क्याने वाढली की ताकद अंदाजे पाच टक्के घटते. म्हणजे प्रामाणिक कंत्राटदार हे द्रव्य घालील तर आमच्या एकमेव कसोटीत तोच मागे पडेल, किंवा ती घट भरून काढण्यासाठी सिमेंट वाढवून दरात मागे पडेल. जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी हेच दाखवले होते : गुणवत्ता ग्राहकाला दिसत नसेल तर चांगला माल बाजारातून हद्दपार होतो. येथे तर ग्राहकाने, म्हणजे शासनाने, डोळे आपणहून मिटलेले आहेत.

लेह कोरडे आहे, वर्षाला जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस, मग ही चैन कशाला, असा एक आक्षेप आहे. तो अर्धा खरा आहे. कोरडी भिंत गोठूनही सहसा फुटत नाही. पण जोते, कठडा, गटार, गळक्या टाकीखालचा ओटा येथे वितळलेल्या बर्फाचे पाणी मुरतेच. म्हणून ही अट सरसकट नको. ओलीच्या जागांपुरती हवी. यंत्रावर पाडलेल्या ब्लॉकचे मिश्रण इतके कोरडे असते की त्यात बुडबुडे नीट धरत नाहीत. तेथे घट्ट दाबणे आणि पाणी कमी शोषू देणारी द्रव्ये घालणे उपयोगी. असे ब्लॉक गोठवून आणि वितळवून तपासण्याची एएसटीएम सी 1262 ही प्रमाणित पद्धतही उपलब्ध आहे. आणि काँक्रीट लवकर घट्ट व्हावे म्हणून स्वस्त कॅल्शियम क्लोराइड ओतण्याची सवय, जेथे आत लोखंड आहे तेथे, निविदेनेच मोडली पाहिजे; क्लोराइड त्या लोखंडाला गंजवते.

अशा वेळी सर्वांत कमी दराच्या पद्धतीला दोष देण्याची प्रथा आहे. मला ती पटत नाही. ती पद्धत कागदावर लिहिलेल्या वस्तूंचीच तुलना करते. हवेचे प्रमाण, पाण्याचे शोषण, गोठण-चाचणी या अटी लिहा. मग सर्वच निविदाकार त्यांचा खर्च धरतील आणि त्यांतील सर्वांत कमी दर खरोखर स्वस्त ठरेल. न लिहिलेली गुणवत्ता फुकट मिळेल, ही अपेक्षा प्रशासनाला शोभत नाही.

"दर वाढतील" हे खरेच आहे. आज वाचवलेली ती रक्कम काही हिवाळ्यांनंतर दुरुस्तीच्या शीर्षाखाली पुन्हा मागितली जाईल. तोवर मसुदा करणाऱ्या अधिकाऱ्याची बदली झालेली असेल. जोते मात्र तेथेच असेल. मी माझ्या अभिप्रायात एवढेच लिहिले आणि मसुदा परत पाठवला.