फोनला खाटही दिसू द्या

माडावरून पडून कमरेखालचे बळ गेलेल्या एका दादांची मोबाईलवरून तपासणी चालली होती. तोंडवलीतले घर, मी शेजारी बसलेली. पलीकडून शहरातले फिजिओथेरपिस्ट म्हणाले, ‘व्हीलचेअरवरून खाटेवर जाऊन दाखवा.’ वहिनींनी फोन समोर धरला. पडद्यावर दादांचा चेहरा आणि खांदे. ‘छान जमतंय’, असा शेरा आला नि कॉल संपला. नंतर मी पाहिले तर कुल्ल्याच्या हाडावर डाग. बोटाने दाबूनही रंग बदलेना. ही बेडसोरची सुरुवात. आपल्या सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही. जागा गरम किंवा कडक लागते का, ते हाताने पाहावे लागते.

दादा रोज चाकावरून अंग घासत खाटेवर जात होते. खुर्चीचे हात पक्के जोडलेले, निघतच नाहीत. खाटही खुर्चीपेक्षा चांगली वीतभर उंच. फोनला यातले काहीच दिसले नव्हते.

फोनवरची तपासणी नको, असे माझे म्हणणे नाही. तोंडवली-तळाशीलच्या वाळूत चाके रुततात. ओरोसला जायचे तर रिक्षा, दोन माणसे आणि दिवसाची मजुरी. ई-संजीवनीवरून उपकेंद्रातूनही मोठ्या डॉक्टरांशी बोलता येते. पण उपकेंद्रातल्या टेबलावर सरकून दाखवले, तर घरच्या खाटेचे काय कळणार? फोन घरीच आणायला हवा, आणि सोबत आरोग्यसेविकेने यायला हवे.

काय पाहायचे, हे काही गुपित नाही. अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या संशोधकांची या कामासाठी केलेली तपासणी-यादी २०११ साली प्रसिद्ध झाली. खुर्ची खाटेपासून ३ इंचांच्या आत आहे का, २० ते ४५ अंश तिरकी लावली का, बाजूचा हात काढला का, पावले जमिनीवर टेकली का, बसलेला माणूस सीटच्या पुढच्या कडेला आला का, उतरताना धपकन आदळला का. यातली एकही गोष्ट चेहऱ्यावर दिसत नाही. म्हणून फोन स्टुलावर ठेवा, आठ-दहा फूट लांब, जरा तिरका. डोक्यापासून पावलांपर्यंत माणूस, चाके आणि खाट, सगळे यायला हवे. जाणे दाखवा, परत येणेही दाखवा. उंच जागी चढताना खांदे जास्त झिजतात आणि पाय गेलेल्या माणसाला खांदेच आयुष्यभर पुरवायचे असतात. पडू नये म्हणून एक माणूस जवळ उभा राहू द्या.

बायांनो, बाई थेरपिस्ट मागायला लाजू नका. रेकॉर्डिंग कोण ठेवणार, कुणाला दाखवणार, हे आधी विचारा. नको असेल तर नको म्हणा.

माझी तक्रार शेऱ्याबद्दल आहे. ‘रुग्णाला तंत्र जमत नाही’ असे लिहून मोकळे होतात. हात न निघणारी खुर्ची कुणी दिली, हे कुणी लिहीत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार ठरलेल्या उत्पन्नमर्यादेतल्या माणसाला साहाय्यक साधने मोफत मिळायला हवीत. तेव्हा हात जोडू नका, अर्ज लिहा. ‘बाजूचे हात निघणारी खुर्ची’ हे शब्द अर्जात घाला आणि पोच घ्या.

दादांच्या खाटेचे पाय सुताराने कापून दिले. डाग आठवड्यात गेला. दुसऱ्या कॉलला फोन स्टुलावर होता, तेव्हा थेरपिस्टनी पहिल्यांदा ती खुर्ची पाहिली. नव्या खुर्चीचा अर्ज अजून कार्यालयात पडून आहे. पुढच्या सोमवारी आम्ही पुन्हा जाणार आहोत.