निर्लेखित बिल माफ झाले काय?

आपल्याकडे १०८ क्रमांक फिरवला की रुग्णवाहिका येते आणि पैसे मागत नाही. महाराष्ट्रात ही सोय २०१४ पासून आहे. अमेरिकेत ९११ फिरवला तर गाडी तशीच धावत येते, पण काही आठवड्यांनी बिल घरी येते. हजार डॉलरसुद्धा होतात. पुष्कळ गावांत ही गाडी नगरपालिकेच्या अग्निशमन दलाची असते. गाडीत घेताना रुग्णाचा खिसा कोणी तपासत नाही, तपासूही नये. त्यामुळे बरीच बिले थकतात आणि शेवटी हिशेबनीस ती निर्लेखित करतो, म्हणजे येणे बाकीतून काढून टाकतो.

वाचकांनी येथे थोडे थांबावे. समजा, बिल १००० डॉलरचे आहे आणि रुग्ण ६५ वर्षांवरील, सरकारी मेडिकेअर विम्याचा. मेडिकेअरचा मान्य दर ५०० धरू. वर्षाची ठरावीक वजावट भरलेली असेल तर विमा त्याचे ८० टक्के, म्हणजे ४०० देतो. १०० रुग्णाने द्यायचे. वरचे ५०० कोणाकडेही मागता येत नाहीत, नियमानेच सोडावे लागतात. ते बुडीत कसे? ते कधी येणेच नव्हते! तेव्हा नगरसभेत कोणी "लोकांनी इतके लाख बुडवले" असा आकडा फेकला, तर त्यात हा भाग किती, हे आधी विचारावे. गरिबाच्या माथी फुगवलेला आकडा मारणे सोपे असते.

खरे बुडीत म्हणजे ते न आलेले १००, किंवा विमा नसलेल्या मजुराचे पूर्ण हजार. त्याचीही तजवीज आधीच झालेली असते. तेथील सरकारी लेखामानक मंडळाच्या १९९९ च्या मानकाप्रमाणे, वसूल न होणाऱ्या रकमेचा अंदाज वजा करूनच उत्पन्न दाखवायचे असते. म्हणून अंदाज बरोबर असेल तर निर्लेखनाच्या दिवशी तिजोरीला नवा खड्डा पडत नाही.

पण घरच्यांसाठी गोष्ट वेगळी. वहीतून रक्कम गेली तरी कर्ज माफ होत नाही. वसुली एजन्सीची पत्रे येऊ शकतात. माफी हा स्वतंत्र निर्णय आहे. काही नगरपालिका हलाखीच्या कारणावरून ती देतात, तीही अर्ज केल्यावर. स्वतः सेवा चालवणारी नगरपालिका आपल्या रहिवाशांकडून फक्त विम्याचे पैसे घेऊन उरलेला वाटा करातून आला असे मानू शकते. मेडिकेअरच्या नियमांत ते बसते.

मुलांकडे काही महिने राहायला गेलेल्या आपल्या आईवडिलांना मात्र मेडिकेअर नसते आणि ते तेथले रहिवासीही नसतात. त्यांच्या नावाचे बिल आले तर प्रवास विम्याचे कागद लगेच पाठवावेत, आणि उरलेल्या रकमेसाठी सवलतीचा अर्ज कोठे मिळतो ते नगरपालिकेच्या बिल विभागात विचारावे. एजन्सीचे पत्र येईपर्यंत थांबू नये.