अक्षता आणि सातबारा

कार्तिकात तुळशीचे लग्न लागले की महाराष्ट्रात लग्नसराईला प्रारंभ होतो आणि मृगाच्या तोंडावर ती ओसरू लागते. या काळात गावोगावच्या मंगल कार्यालयांत आणि महामार्गांच्या कडेला ‘लॉन्स’ या नावाने उभ्या राहिलेल्या विस्तीर्ण हिरवळींवर जे दृश्य दिसते, ते इतके अंगवळणी पडले आहे की त्यातील विसंगती कोणाला जाणवेनाशी झाली आहे. पत्रिकेवर १२ वाजून ३५ मिनिटांचा मुहूर्त छापलेला असतो. पंचांग पाहून, दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना विचारून तो मिनिटापर्यंत निश्चित केलेला असतो. प्रत्यक्षात तालुक्याच्या पुढाऱ्यांची मोटार येईपर्यंत अंतरपाट काही धरला जात नाही. ते आले की फेटे बांधले जातात, सत्कार होतात, शुभाशीर्वादाची भाषणे होतात आणि हजारभर माणसे मुठीत अक्षता घेऊन ती ऐकत बसतात. मुहूर्त केव्हाच टळून गेलेला असतो. त्याचे कोणाला फारसे वाईट वाटत नाही. पुढारी आले नसते तर मात्र यजमानांना ती गोष्ट वर्षभर सलली असती.

अशा लग्नांवर तोंडसुख घेणे सोपे आहे. जुलै २०२४ मध्ये मुंबईत एका उद्योगपतीच्या घरचे लग्न निघाले, तेव्हा वांद्रे-कुर्ला संकुलातील वाहतूक काही दिवस वळवावी लागली. त्या वैभवावर वृत्तपत्रांतून पुष्कळ लिहिले गेले. परंतु धनिकाने स्वतःच्या उत्पन्नातून केलेली उधळण हा अर्थशास्त्राच्या दृष्टीने तितकासा गंभीर प्रश्न नव्हे. तो पैसा त्याच्या घरातून निघून केटरर, फुलवाला, सोनार, वाजंत्री यांच्या घरी जातो, एवढेच. गंभीर प्रश्न आहे तो प्राथमिक शिक्षकाच्या, कारकुनाच्या आणि पाच एकर जिरायतीवर गुजराण करणाऱ्या शेतकऱ्याच्या घरच्या लग्नाचा.

तेथेही उपदेशकाने जरा जपून बोलावे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांवर चालून गेले, कर्जरोखे आणि खतावण्या जाळल्या गेल्या आणि तो वणवा पुणे-नगर भागात पसरला. कुणबी लग्नकार्यांत वारेमाप खर्च करतो म्हणून तो कर्जात बुडतो, असा त्या काळच्या अधिकाऱ्यांचा एक आवडता सिद्धांत होता. दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने मात्र या कारणाला अवास्तव महत्त्व दिले गेले आहे, असा अभिप्राय नोंदवला. ऐपतीच्या मानाने हा खर्च अधिक असला तरी असे प्रसंग क्वचितच येतात, असे त्याचे म्हणणे होते. सारा, सावकारी व्याज आणि अवर्षण यांना बाजूला ठेवून गरिबाच्या बुंदीच्या लाडवांकडे बोट दाखवणे ही सोयीस्कर अर्थनीती होय, हे दीडशे वर्षांपूर्वीच्या सरकारी आयोगालाही दिसले होते. आयुष्यात एकदा चार माणसांना जेवू घालण्याचा आनंद गरिबानेही घ्यावा, यात गैर काय?

यात गैर काही नाही, जर तो आनंद असेल तर. परंतु आजचा लग्नखर्च हा आनंदाचा खर्च उरलेला नाही, तो बव्हंशी सक्तीचा खर्च झाला आहे, आणि ही सक्ती एकाच बाजूवर आहे. समजा, एखाद्या वधूपित्याने पाच लाख रुपये खासगी सावकाराकडून शेकडा दोन रुपये दरमहा व्याजाने उचलले. वर्षाचे व्याजच १ लाख २० हजार रुपये होते. जिरायत पाच एकरांतून सगळा खर्च वजा जाता एवढी रक्कम हाती लागेलच, अशी हमी कोणी देऊ शकणार नाही. नोकरदाराची स्थिती बरी म्हणावी, तर त्याचे लग्नघर भविष्यनिर्वाह निधीवर उभे राहते. त्या निधीतून मुदतीपूर्वी रक्कम काढण्यासाठी जी कारणे ग्राह्य मानली आहेत, त्यांत मुलांचे उच्च शिक्षण आणि विवाह ही दोन्ही आहेत. नियम या दोहोंत भेद करीत नाही. घरात मात्र भेद होतो: मुलाच्या नावापुढे बहुधा पहिले कारण लिहिले जाते आणि मुलीच्या नावापुढे दुसरे.

हुंडा बंद झाला आहे, असे सुशिक्षित वर्गात ठामपणे सांगितले जाते. एका अर्थी ते खरेही आहे. रोख रकमेचा उच्चार आता असभ्य मानला जातो. बैठकीत वरपिता सौम्यपणे म्हणतो, “पाहुणे, आमची कसलीही मागणी नाही. तेवढं लग्न मात्र आमच्या सोयऱ्याधायऱ्यांना साजेसं होऊ द्या.” या एका वाक्यात कार्यालय, दोन वेळची जेवणे, मानपान, करणी, वरातीचा घोडा आणि जावयाच्या अंगावरचे सोने असे सगळे आले. ‘दोन्ही अंगांनी लग्न करून देणे’ हा वाक्प्रचार ज्या भाषेत रूढ झाला आहे, तेथे हुंडा शब्द उच्चारण्याची गरजच काय?

कायद्याने या बाबतीत हयगय केली, असे म्हणता येणार नाही. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याने हुंडा घेणारा आणि देणारा या दोघांनाही दोषी ठरवले. १९८४ आणि १९८६ साली तो अधिक कडक झाला. १९८६ नंतर किमान शिक्षा पाच वर्षांच्या कारावासाची आहे. १९८३ मध्ये विवाहितेच्या छळाविषयीचे आणि १९८६ मध्ये हुंडाबळीविषयीचे कलम दंडसंहितेत आले, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेतही ती कायम आहेत. तरीही राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात हुंडाबळीच्या ६,४०० हून अधिक घटना नोंदल्या गेल्या. या कायद्याखाली १९८५ साली केलेले नियम तर मुळातून वाचण्यासारखे आहेत. वधूला आणि वराला मिळालेल्या भेटींची यादी लेखी करावी, तीत वस्तूचे वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव व नाते लिहावे आणि दोघांनी खाली सह्या कराव्यात, असे ते नियम सांगतात. अशी यादी पाहिलेला माणूस विरळाच. याउलट लग्न ठरवण्याच्या विधीला आपल्याकडे नावच मुळी ‘याद्या’ असे आहे! कोणी कोणाला काय द्यायचे हे तेथे शब्दशः लिहिले जाते, त्यावर हळदीकुंकू वाहिले जाते आणि ती यादी काटेकोरपणे पाळलीही जाते. कायद्याची यादी कागदावर राहिली आणि रूढीची यादी कायदा झाली.

या व्यवहारात सर्वांत जुना युक्तिवाद असा की, मुलीला वडिलांच्या इस्टेटीत वाटा मिळत नाही, म्हणून लग्नात तिला तो एकदाच देऊन टाकायचा. एके काळी या युक्तिवादात थोडे तथ्य असेलही. परंतु महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला जन्मसिद्ध हक्क दिला. केंद्राच्या २००५ च्या दुरुस्तीने तो देशभर लागू झाला आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, २००५ साली वडील हयात होते की नव्हते यावर हा हक्क अवलंबून नाही, असा निर्वाळा दिला. येथे एक गोष्ट नजरेआड होऊ नये. महाराष्ट्राच्या १९९४ च्या कायद्याने त्या तारखेपूर्वी लग्न झालेल्या मुलींना वगळले होते. म्हणजे पुरोगामी म्हणवणाऱ्या कायदेमंडळालाही लग्न झालेली मुलगी ‘दिली गेलेली’ वाटत होती. २००५ च्या दुरुस्तीत ही अट राहिली नाही. समाजाच्या मनातून मात्र ती गेलेली नाही.

वडील निवर्तल्यानंतर वारसांची नोंद करण्याची वेळ येते, तेव्हा याचा प्रत्यय येतो. तलाठ्याकडे सातबाऱ्यावर भावांच्या बरोबर बहिणींची नावे लागतात आणि मग काही महिन्यांतच दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात हक्कसोडपत्राचा दस्त होतो. काही शे रुपयांच्या मुद्रांकावर बहीण आपला हिस्सा भावाच्या नावे सोडते. तिला कोणी दरडावलेले नसते. “तुझ्या लग्नात आबांनी काय कमी केलं होतं?” एवढे एकच वाक्य पुरते. माहेर तुटेल या भीतीने ती सही करते. त्या दिवशी भाऊ तिला साडी घेतो. दस्तात या व्यवहाराचे वर्णन ‘विनामोबदला’ असे असते.

आता या हिशेबाची शहानिशा करावी. लग्नात जो खर्च झाला त्यातील किती तिच्या हाती आला? मंडप, जेवणावळ, फेटे, वाजंत्री आणि छायाचित्रे हा पैसा त्याच दिवशी संपला. मानपानाचा पैसा वराच्या नातेवाइकांच्या घरी गेला. दागिने तिच्या अंगावर असले तरी अडीअडचणीला गहाण टाकण्याचा निर्णय सहसा तिचा नसतो. कायदा म्हणतो की हुंडा म्हणून काही दिले गेलेच असेल तर तेही तीन महिन्यांच्या आत तिच्या स्वाधीन झाले पाहिजे. हे कलम किती वधूंना ठाऊक असेल? जो खर्च तिच्यावर झालाच नाही, तो तिच्या खाती लिहून त्याच्या बदल्यात तिची जमीन वजा करून घ्यायची, असा हा हिशेब आहे. कोणत्याही लेखापालाने असे खाते मांडले तर त्याला घरी बसवतील.

या खोट्या नोंदीची किंमत पुढच्या पिढीने मोजली. मुलगी म्हणजे खर्च, हे समीकरण एकदा पक्के झाल्यावर तंत्रज्ञान मदतीला धावले. १९८० च्या दशकात गर्भलिंगनिदान करणाऱ्या दवाखान्यांच्या जाहिराती झळकत होत्या आणि आज थोडे शेकडे खर्च करून उद्याचे हजारो वाचवा, असा त्यांचा आशय असे. १९८८ साली या निदानावर निर्बंध घालणारा देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने केला. तरीही सहा वर्षांखालील बालकांत दर हजार मुलांमागे मुलींची संख्या १९९१ साली ९४६, २००१ साली ९१३ आणि २०११ साली ८९४ अशी घसरत गेली. त्या वर्षी बीड जिल्ह्यात ती ८०७ होती. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात अविवाहित तरुणांनी बाशिंग बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला. लोक हसले. हसण्यासारखे त्यात थोडेच होते.

मुली दुर्मीळ झाल्यावर मागणी-पुरवठ्याच्या नियमाने लग्नखर्चाचा भार वधूपक्षावरून उतरायला हवा होता. तसे घडले नाही, कारण दुर्मीळ आणखी एक गोष्ट झाली: कायम नोकरीचा वर. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही आणि नोकरीवाल्या मुलासमोर वधूपित्यांची रांग लागते, या दोन्ही गोष्टी एकाच गावात एकाच वेळी घडतात. शिक्षणाने हुंडा नाहीसा होईल, ही १९६१ सालची आशा होती. प्रत्यक्षात पदवी आणि सरकारी नेमणूक या वराच्या बाजारभावात भर घालणाऱ्या गोष्टी ठरल्या. २०१७ साली लातूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या तरुण मुलीने, आपल्या लग्नाचा बोजा वडिलांना पेलणार नाही असे चिठ्ठीत लिहून जीवनयात्रा संपवली. काही दिवस राज्य हळहळले. त्याच वैशाखात मंडप पूर्ववत सजले.

हे सर्व कळत असूनही कोणी थांबत का नाही? थॉर्स्टिन व्हेब्लेन या अर्थशास्त्रज्ञाने १८९९ साली दिखाऊ उपभोगाचे विवेचन केले, त्यात याचे अर्धे उत्तर सापडते. असा खर्च शेजाऱ्याच्या खर्चाशी तुलना करण्यासाठी असतो. सर्वांनीच तो दुप्पट केला तर कोणाचीच प्रतिष्ठा वाढत नाही, फक्त सर्वांचे कर्ज वाढते. आणि एकट्याने तो निम्मा केला तर त्याच्या मुलीला सासरी ऐकून घ्यावे लागते. म्हणून शहाणा बापही वेड्यासारखा वागतो.

उरलेले अर्धे उत्तर साथीच्या काळाने दिले. २०२० साली महाराष्ट्रात लग्नाला ५० माणसांची मर्यादा आली. एप्रिल २०२१ मध्ये ती २५ वर आणि समारंभ दोन तासांवर आला. त्या काळात घराच्या गच्चीवर, अंगणात, वाड्याच्या ओसरीवर लग्ने लागली आणि मुहूर्तावर लागली. त्यातील एकही विवाह अवैध ठरला नाही, कोणाची अब्रू गेली नाही, आणि कित्येक वधूपित्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. बंधन सर्वांवर सारखे असल्यामुळे कमी खर्चाचा अर्थ ‘ऐपत नाही’ असा लावायला जागाच उरली नाही. निर्बंध उठताच मात्र सगळे पूर्वपदावर आले. नुसत्या उदाहरणाने रूढी मोडत नाही, हे तर सत्यशोधकांनाही अनुभवावे लागले. महात्मा फुल्यांच्या प्रेरणेने २५ डिसेंबर १८७३ रोजी पुण्यात पुरोहिताविना, अल्प खर्चात पहिला सत्यशोधक विवाह झाला. त्या पद्धतीने आजही लग्ने लागतात, पण ती मोजकीच.

मे २०२५ मध्ये पुणे जिल्ह्यात एका नवविवाहितेच्या मृत्यूने राज्य पुन्हा हादरले. त्यानंतर मराठा समाजातील काही मंडळींनी बैठका घेऊन लग्नाची आचारसंहिता तयार केली: पाहुणे मर्यादित, डीजे नको, सत्कार-भाषणे नकोत. दिशा योग्य आहे, कारण बंधन सामुदायिक आहे. परंतु ही आचारसंहिता मंडपापुरती राहिली आणि सातबाऱ्यापर्यंत पोहोचली नाही, तर वाचलेला पैसा भावाच्या विहिरीला लागेल आणि बहीण पूर्वीसारखीच सही करायला येईल.

याची सुरुवात कोणी करायची, यावर नेहमी वधूपित्याला उपदेश केला जातो, आणि येथेच चूक होते. याद्यांच्या बैठकीत त्याची बाजू पडती असते. त्याने खर्च कमी करू म्हटले तर तो चिक्कू ठरतो, मुलीच्या नावे जमीन किंवा ठेव करू म्हटले तर संशयी ठरतो. तेच शब्द वराच्या बाजूने आले तर ते मोठेपणाचे ठरतात. नोकरीवाल्या मुलाचा शिक्षक किंवा कारकून बाप, आणि त्याहून अधिक तो स्वतः कमावता मुलगा, हे शब्द त्या बैठकीत बोलू शकतात. वधूपित्याला ते सुचले तरी बोलता येत नाहीत.