मर्दनाची घाई नको

कबड्डी खेळताना गुडघा मुरगळलेला तरुण आमच्याकडे येतो तो मालिशीची अपेक्षा धरूनच. आणि आपल्यापैकी काही वैद्य ती तत्काळ पूर्णही करतात. वस्तुतः सुश्रुतसंहितेतील भग्नचिकित्सेत (चिकित्सास्थान, अध्याय ३) उत्पिष्ट व विश्लिष्ट संधीचे घट्टन निषिद्ध मानून शीत परिषेक व प्रदेह सांगितले आहेत. बंध सैल राहिल्यास संधीस स्थैर्य येत नाही, अतिघट्ट झाल्यास शोथ व वेदना वाढतात, हेही तेथेच आहे. म्हणून प्रथम शीतोपचार, बंधन व विश्रांती. शोथ ओसरल्यावरच स्नेहन-स्वेदन व क्रमशः व्यायाम, हा क्रम आम्हांस योग्य वाटतो. मात्र पायावर भार पेलवत नसेल वा गुडघा वारंवार निसटत असेल, तर क्ष-किरण, एमआरआय व अस्थिरोगतज्ज्ञांचा सल्ला यांस विलंब नको. सुश्रुतांचा वारसा सांगणाऱ्यांस शस्त्रकर्माचे वावडे कशाला असावे?